ठिपक्यापुढचा प्रश्न

पडद्यावर चौकट उघडून खातेदाराचे नाव, मालाची शिल्लक किंवा विद्यार्थ्याचे गुण दाखवणारा प्रोग्रॅम ही एक गोष्ट आणि ती माहिती जिथे साठवलेली असते तो डेटाबेस ही दुसरी गोष्ट, असे आज गृहीतच धरले जाते. परंतु टेबलावरच्या छोट्या संगणकापुरते पाहिले तर या दोन गोष्टी आरंभी एकच होत्या, आणि त्यांची फारकत होताना दोन स्वतंत्र प्रश्न पुढे आले. प्रोग्रॅमने माहितीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावे हा पहिला प्रश्न जोडणीचा, आणि पोहोचल्यावर हवे ते कोणत्या शब्दांत मागावे हा दुसरा प्रश्न विचारणेचा, जिला संगणकाच्या व्यवहारात क्वेरी असेच म्हणतात. पहिल्या प्रश्नाचा इतिहास बराचसा कंपन्यांच्या चढाओढीचा आणि तडजोडींचा आहे, तर दुसऱ्याचा इतिहास भाषेचा आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचले म्हणजे असे दिसते की वाट सतत सुधारत गेली, विचारण्याची रीत मात्र बदलल्यासारखी वाटूनही पुष्कळदा जुन्याच वळणावर परतत राहिली.

हे जुने वळण कोणते, ते दप्तरखान्याच्या व्यवहारावरून समजण्यासारखे आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात जसे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात, तशा एखाद्या संग्रहात कागद शोधण्याच्या दोन रीती संभवतात. शोधणाऱ्याने स्वतः फडताळापर्यंत जावे, रुमाल सोडावा, एकेक कागद उलटून पाहावा आणि हवा तो सापडेपर्यंत थांबू नये, ही एक रीत. खिडकीपाशी चिठ्ठी देऊन अमुक वर्षाचे, अमुक परगण्याचे कागद हवेत एवढेच सांगावे आणि ते कोणत्या फडताळात आहेत याची विवंचना दप्तरदारावर सोडावी, ही दुसरी. पहिल्या रीतीत शोधणाऱ्याला दप्तराची मांडणी पाठ असावी लागते आणि मांडणी बदलली की त्याचे ज्ञान वाया जाते; दुसऱ्या रीतीत मागणाऱ्याला मांडणी ठाऊक नसली तरी चालते, पण दप्तरदार हुशार असावा लागतो.

मोठ्या संगणकांच्या जगात १९६०च्या दशकात पहिली रीत रूढ होती. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी उभारलेल्या आयडीएस या प्रणालीत नोंदी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असत आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने त्या साखळीवरून एका नोंदीकडून दुसरीकडे जायचे असे. बाखमन यांना १९७३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रॅमरला नाविकाची उपमा दिली, आणि ती गौरवार्थ होती. त्याच्या तीनच वर्षे आधी, जून १९७०मध्ये, आयबीएमच्या सॅन होजे येथील संशोधनशाळेतील एडगर कॉड यांनी एका निबंधात नेमके उलट मत मांडले होते: माहिती साध्या तक्त्यांच्या रूपाने ठेवावी, तक्त्यांतील संबंध मूल्यांवरूनच ओळखावेत, आणि माहिती चकतीवर प्रत्यक्षात कुठे व कशी पडलेली आहे याचा पत्ता वापरणाऱ्याला लागू नये. कॉड यांची मांडणी गणिती होती. तिला बोलीचे रूप देण्याचे काम त्याच संस्थेतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी केले. १९७४ साली त्यांनी मांडलेल्या भाषेचे नाव सीक्वेल असे होते; ते नाव ब्रिटनमधील एका विमान कंपनीच्या मालकीचे निघाल्याने पुढे काटछाट होऊन एसक्यूएल झाले. ‘खेड तालुक्यातील खातेदारांची नावे आडनावाच्या क्रमाने द्या’ एवढ्या आशयाचे एक वाक्य या भाषेत लिहिले की काम संपते. कोणती नोंद आधी वाचावी, सूची वापरावी की नाही, हे यंत्राने ठरवायचे असते. चिठ्ठी देण्याची रीत ती हीच.

डेस्कटॉप संगणकावर ही चिठ्ठी मात्र फार उशिरा पोहोचली, कारण तिथला डेटाबेस कॉड यांच्या विचारातून जन्माला आलाच नव्हता. कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या अंतराळ-संशोधनाच्या संस्थेत जेपीएलडीआयएस नावाचा एक माहिती हाताळणारा प्रोग्रॅम मोठ्या संगणकावर चालत असे. तिथेच काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांना १९७८ साली फुटबॉलच्या निकालांवर लागणाऱ्या पैजांसाठी आकडेवारी मांडायची होती, आणि त्या निमित्ताने त्यांनी घरच्या लहानशा संगणकावर तशाच धर्तीचा प्रोग्रॅम लिहून काढला व त्याला व्हल्कन हे नाव दिले. जॉर्ज टेट आणि हॅल लॅशली या दोन विक्रेत्यांनी त्याचे हक्क घेऊन १९८१मध्ये तो डीबेस टू या नावाने बाजारात आणला. डीबेस वन कधीच नव्हता. दुसरी आवृत्ती म्हटल्यावर माल पक्का झालेला वाटतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. (ओरॅकल कंपनीनेही १९७९ साली आपला पहिला डेटाबेस दुसरी आवृत्ती म्हणूनच विकला, हा योगायोग नव्हे, त्या धंद्याची जाण होय.) कंपनीचे नाव ॲश्टन-टेट ठेवले गेले, त्यातला ॲश्टनही असाच काल्पनिक.

डीबेस सुरू केला की पडद्यावर केवळ एक ठिपका उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत थांबे. या ठिपक्यापुढे ‘यूज’ लिहून फाइलचे नाव दिले की ती उघडे, ‘लिस्ट’ म्हटले की सगळ्या नोंदी झरझर पडद्यावरून जात, ‘लोकेट फॉर’ म्हणून अट दिली की त्या अटीत बसणारी पहिली नोंद सापडे, आणि ‘स्किप’ म्हटले की यंत्र पुढच्या नोंदीवर सरके. या सर्व आज्ञांच्या मुळाशी एक अदृश्य बोट होते, ज्याला रेकॉर्ड पॉइंटर म्हणत. हे बोट नेहमी कोणत्या तरी एका नोंदीवर टेकलेले असे आणि प्रोग्रॅम म्हणजे त्या बोटाला चालवण्याची कृती असे. फाइलच्या शेवटापर्यंत एकेक नोंद वाचत जाणारे, ‘डू व्हाइल’ने सुरू होऊन ‘एंड डू’ने संपणारे चक्र हा डीबेसच्या प्रोग्रॅमचा कणा होता. बाखमन यांचा नाविक जहाजावरून उतरून गावच्या होडीत बसला, असे याचे वर्णन करता येईल.

डीबेसच्या यशाचे कारण शोधायचे तर ते त्याच्या फाइलीच्या साधेपणात सापडते. डीबीएफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फाइलीच्या आरंभी एक छोटे शीर्षक असते, त्यात नोंदींची संख्या आणि प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार व लांबी ही माहिती बत्तीस बत्तीस बाइटांच्या खणांत लिहिलेली असते, आणि त्यानंतर सारख्या लांबीच्या नोंदी एकामागून एक ओळीने येतात. प्रत्येक नोंदीच्या आधी एक जागा राखून ठेवलेली असते. नोंद खोडली म्हणजे ती नाहीशी होत नाही, तर त्या जागी एक फुली पडते, आणि ‘पॅक’ ही आज्ञा देईपर्यंत खोडलेली नोंद परत आणता येते. वहीत नोंदीवर रेघ मारून ती खाली वाचता येईल अशी ठेवण्याची जी कारकुनी शिस्त आहे, तिच्याशी हे इतके जुळणारे होते की हिशेबाच्या कामात मुरलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नसे. जलद शोधासाठी वेगळी सूची-फाइल असे आणि ‘सीक’ ही आज्ञा त्या सूचीवरून थेट नोंदीवर नेई. मात्र सूची न उघडता कोणी नव्या नोंदी भरल्या तर सूचीला त्यांची वार्ता नसे, आणि फाइलीत धडधडीत असलेले नाव यंत्र ‘नाही’ म्हणून सांगे.

इथे जोडणी हा शब्दच लागू होत नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. डीबेस ही भाषाही होती, पडदाही होती आणि साठवणही होती. प्रोग्रॅमने कुणाशी जोडून घ्यावे असा दुसरा पक्षच अस्तित्वात नव्हता. तिचे अनुकरण करणारे पुढे अनेक निघाले. नॅन्टकेट कंपनीच्या क्लिपरने डीबेसच्या आज्ञांचा स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम बनवून दिला, ज्यामुळे ग्राहकाला डीबेस विकत घेण्याची गरज उरली नाही, आणि ओहायोमधील डेव्ह फुल्टन यांच्या फॉक्स सॉफ्टवेअरने आधी फॉक्सबेस व १९८९मध्ये फॉक्सप्रो काढून वेगात मूळ मालकाला मागे टाकले. ॲश्टन-टेटने फॉक्सवर दावा लावला, तेव्हा डीबेस स्वतः सरकारी पैशाने घडलेल्या जेपीएलडीआयएसवरून निघाला ही गोष्ट नोंदणीच्या वेळी सांगितली नव्हती, या कारणावरून न्यायाधीशांनी डिसेंबर १९९०मध्ये ॲश्टन-टेटचाच हक्क रद्द ठरवला. तो निर्णय त्यांनी काही महिन्यांनी मागे घेतला खरा, पण तोवर १९८८च्या डीबेस फोरमधील असंख्य चुकांनी कंपनी खिळखिळी झाली होती आणि १९९१मध्ये ती बोरलँडच्या ताब्यात गेली.

भारतात हा काळ संगणकाच्या प्रसाराचा होता. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयातीवरील व उत्पादनावरील बंधने सैल केली, त्याच वर्षी रंगराजन समितीच्या अहवालाने बँकांच्या शाखांत यंत्रे आणण्याची दिशा आखून दिली, आणि १९८६मध्ये मुंबईत ॲपटेकची स्थापना झाली, तेव्हा खासगी संगणक-वर्गांची एक नवी शिक्षणव्यवस्था आकार घेत होती. या वर्गांत डीबेस थ्री प्लस आणि नंतर फॉक्सप्रो हे शिकण्याचे ठरलेले टप्पे होते. पगारपत्रक, साठ्याची नोंद आणि बिले हे त्यांचे ठरलेले विषय. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला गणिती भाषा न शिकता काही महिन्यांत चालणारा प्रोग्रॅम लिहिता येई, हे या पद्धतीचे खरे सामर्थ्य होते, आणि संगणकशास्त्राच्या पुस्तकी इतिहासात त्याला जी दुय्यम जागा मिळते ती अन्यायकारक म्हणावी लागेल. परंतु या शिक्षणाने एका पिढीच्या हाताला जे वळण लावले ते ‘स्किप’चे होते. माहिती म्हणजे एकेक करून ओलांडायच्या नोंदी, ही धारणा तिथे पक्की झाली.

अडचण आली ती एका कचेरीतले अनेक संगणक तारेने जोडले जाऊ लागल्यावर. फाइल आता एका सामाईक यंत्रावर राहू लागली, पण ते यंत्र केवळ फडताळ होते, दप्तरदार नव्हते. फाइलीत काय आहे हे त्याला कळत नसे. म्हणून टोकाच्या संगणकावरील प्रोग्रॅमला अटीत बसणाऱ्या दहा नोंदी हव्या असल्या आणि त्या अटीसाठी सूची नसली, तर सगळी फाइल तारेवरून ओढून आणून ती स्वतः चाळावी लागे. दोनशे बाइटांची एक, अशा पन्नास हजार नोंदींची फाइल धरली तर हा भार एक कोटी बाइटांचा होतो, आणि सेकंदाला एक कोटी बिट वाहणारी त्या काळची उत्तम तार पूर्णपणे मोकळी मिळाली तरी एवढ्याला आठ सेकंद लागतात. दहा जणांनी एकाच वेळी हेच केले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. शिवाय सूचीत बदल चालू असताना एखाद्या टेबलावरची वीज गेली की सूची अर्धवट राही आणि सर्वांना बाहेर काढून ती नव्याने बांधावी लागे. ‘री-इंडेक्स करा’ हा उपाय त्या काळच्या कचेऱ्यांत तापावरच्या गोळीसारखा दिला जाई.

या दुखण्यावरचा इलाज म्हणजे फडताळाच्या जागी दप्तरदार बसवणे, आणि त्यालाच क्लायंट-सर्व्हर रचना म्हणतात: टोकाचा संगणक, म्हणजे क्लायंट, केवळ प्रश्न पाठवतो, मधले यंत्र, म्हणजे सर्व्हर, तो प्रश्न समजून घेऊन शोध करते आणि फक्त उत्तराच्या ओळी परत धाडते. बर्कलेजवळ १९८४मध्ये मार्क हॉफमन व बॉब एप्स्टीन यांनी स्थापलेल्या सायबेस कंपनीने ही रचना डोळ्यांपुढे ठेवूनच आपला सर्व्हर घडवला, आणि मायक्रोसॉफ्टने ॲश्टन-टेटला सोबत घेऊन त्याचीच एक आवृत्ती १९८९मध्ये ओएस-टू या प्रणालीवर आणली. एसक्यूएल भाषेला १९८६मध्ये अमेरिकेत मानकाचा दर्जा मिळालेला होता, त्यामुळे प्रश्न कोणत्या भाषेत विचारावा याचे उत्तर निदान कागदावर तयार होते.

वाटेचे उत्तर मात्र तयार नव्हते. सायबेसशी बोलायचे तर डीबी-लायब्ररी, ओरॅकलशी बोलायचे तर ओरॅकल कॉल इंटरफेस, अशी प्रत्येक कंपनीची आज्ञांची पेटी वेगळी होती. एकीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे न्यायचा तर जोडणीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागे. मानकात सुचवलेला मार्ग असा होता की एसक्यूएलची वाक्ये मूळ भाषेतील प्रोग्रॅमच्या मधोमध पेरायची आणि एका पूर्वसंस्करणाच्या टप्प्यात त्यांचे भाषांतर करून घ्यायचे. पण हे भाषांतर कोणत्या डेटाबेससाठी ते आधीच ठरलेले असावे लागे, आणि दुकानातून डबाबंद विकत घेतलेल्या स्प्रेडशीटला, ग्राहकाच्या कचेरीत कोणता डेटाबेस आहे हे ठाऊक नसताना, त्याचा काही उपयोग नव्हता. डेस्कटॉपची गरज मोठ्या संगणकापेक्षा वेगळी होती ती इथे.

१९८९मध्ये काही कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या एसक्यूएल ॲक्सेस ग्रुपने या प्रश्नाला हात घातला आणि त्याच विचाराच्या धाग्याने मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर १९९२मध्ये ओडीबीसीची पहिली आवृत्ती जाहीर केली. काइल गायगर हे तिचे प्रमुख रचनाकार होते. तिची कल्पना पाहू जाता साधीच आहे. प्रोग्रॅम डेटाबेसशी थेट न बोलता ड्रायव्हर मॅनेजर नावाच्या मध्यस्थाशी बोलतो. हा मध्यस्थ त्या त्या डेटाबेसचा ड्रायव्हर, म्हणजे दुभाषा, शोधून त्याच्याकडे बोलणे सोपवतो. आणि कोणता दुभाषा, कोणते यंत्र, कोणता डेटाबेस ही माहिती डीएसएन या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या एका नावाखाली संगणकावर आधीच नोंदवून ठेवलेली असते. प्रोग्रॅमला फक्त ते नाव, वापरणाऱ्याची ओळख आणि परवलीचा शब्द द्यावा लागतो. जोडणी झाल्यावर प्रश्न पाठवणे, उत्तराचे रकाने प्रोग्रॅममधील जागांशी बांधून घेणे, एकेक ओळ उचलणे आणि शेवटी जोडणी सोडणे, या क्रमाला तेव्हापासून आजतागायत फारसा धक्का लागलेला नाही. १९९५मध्ये या पद्धतीचा गाभा आंतरराष्ट्रीय मानकाचा भाग झाला, आणि १९९७मध्ये जावा भाषेने जी जेडीबीसी काढली तिच्या नावातच तिची वंशावळ दिसते.

ओडीबीसीचा मोठेपणा तिने किती आश्वासने दिली यात नसून किती टाळली यात आहे. सर्व डेटाबेस सारखे आहेत असे भासवण्याचा मोह तिने आवरला. उलट ड्रायव्हरने आपल्याला काय येते व काय येत नाही हे विचारल्यावर सांगितले पाहिजे, असा नियम केला. तारीख लिहिण्याच्या किंवा अक्षरे जोडण्याच्या पद्धती डेटाबेसागणिक भिन्न होत्या, तेव्हा महिरपी कंसात लिहिलेली एक तटस्थ खूण ठरवून तिचे स्थानिक बोलीत रूपांतर करण्याचे काम दुभाष्याकडे दिले. विशेष म्हणजे जुन्या डीबीएफ फाइलींसाठीही ड्रायव्हर निघाले, आणि ठिपक्यापुढे बोट चालवून वाचल्या जाणाऱ्या त्या फाइलींना पहिल्यांदाच चिठ्ठी देऊन प्रश्न विचारता येऊ लागला. खिडकीमागे दप्तरदार नव्हताच. दुभाषाच मागच्या मागे फडताळापर्यंत धावत होता.

याच सुमारास खिडक्यांचे, म्हणजे विंडोजवरील प्रोग्रॅम बनवण्याच्या साधनांचे, पीक आले. मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१चे, पॉवरसॉफ्टचे पॉवरबिल्डर त्याच वर्षीचे, ॲक्सेस १९९२चे. आयआयटी कानपूरचे पदवीधर उमंग गुप्ता यांनी अमेरिकेत स्थापलेल्या गुप्ता टेक्नॉलॉजीजचे एसक्यूएलविंडोज याच घराण्यातले. बोरलँडच्या डेल्फीचे नाव तर या इतिहासातील सर्वांत सूचक नाव आहे: प्राचीन ग्रीसमध्ये देववाणीला, म्हणजे ओरॅकलला, प्रश्न विचारण्यासाठी डेल्फीच्या देवळात जात असत, आणि ओरॅकलशी बोलायचे तर डेल्फीकडे जा ही कोटी १९९५च्या त्या साधनाच्या नावात गोठवली गेली. मुंबई-पुण्याच्या संगणक-वर्गांत आता डीबेसची जागा ‘फ्रंट एंड व्हीबी, बॅक एंड ओरॅकल’ या जोडगोळीने घेतली, आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांच्या पहिल्या पानावर ते शब्द शिक्क्यासारखे उमटू लागले. पुढचा भाग आणि मागचा भाग अशी ही फोड मराठी बोलण्यात इतकी रुळली की तिला प्रतिशब्द शोधण्याची कोणाला गरज भासली नाही.

तथापि या नव्या साधनांतून जुने बोट परत आले. १९९३च्या व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीत डेटा कंट्रोल नावाची एक पट्टी मिळे. ती पडद्यावर ठेवून मजकुराच्या चौकटींशी बांधली की एक ओळही न लिहिता मागेपुढे बाणांनी नोंदी पाहता येत. प्रश्नाचे उत्तर प्रोग्रॅमच्या हाती रेकॉर्डसेट या रूपात येई आणि त्यात ‘मूव्ह नेक्स्ट’ म्हणत पुढे सरकावे लागे, म्हणजेच ‘स्किप’. यात दोष कोणा एका कंपनीचा नव्हता. एसक्यूएल उत्तर देते ते संचाच्या रूपात, एका घासात. प्रोग्रॅमच्या भाषा मात्र एका वेळी एकच गोष्ट हातात धरतात, आणि या दोघींच्या मध्ये कुणीतरी घास मोडून भरवणारा लागतोच. खरी हानी झाली ती सवयीने. दहा हजार ग्राहकांची यादी मागवून चक्रात प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या बिलांचा वेगळा प्रश्न सर्व्हरला पाठवणारा प्रोग्रॅम, जे काम दोन तक्ते जोडणाऱ्या एका वाक्यात झाले असते त्यासाठी दहा हजार एक फेऱ्या मारी, आणि दोष तारेच्या माथी बसे. फॉक्सप्रोत ही रीत चालून जाई, कारण फाइल शेजारी होती. अंतर वाढले, चाल तीच राहिली.

जोडणीच्या पद्धतींची नावे मात्र दर दोन-तीन वर्षांनी बदलत होती. डीएओ, आरडीओ, १९९६मधील एडीओ आणि २००२मधील एडीओ डॉट नेट ही मालिका इथे विस्ताराने सांगण्याजोगी नाही. त्यातील शेवटच्या टप्प्याने उत्तर आणून जोडणी लगेच सोडून द्यावी आणि प्रोग्रॅमने आपल्यापाशी ठेवलेल्या प्रतीवर काम करावे असा पायंडा पाडला, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

विचारणेच्या बाजूने अधिक मोलाचा धडा एका छोट्याशा चिन्हाने दिला. एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात, आणि व्हिज्युअल बेसिक शिकवताना प्रश्नाचे वाक्य व पडद्यावर टाइप केलेले नाव एकमेकांना चिकटवून प्रश्न तयार करण्याची पद्धत सर्रास होती. पाटील किंवा कुलकर्णी यांच्या बाबतीत ती बिनबोभाट चाले. परंतु वसईपासून गोव्यापर्यंत घरोघरी आढळणारे डिसूझा हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर जे चिन्ह येते ते नेमके तेच अवतरणचिन्ह असल्याने डेटाबेसला मजकूर तिथेच संपला असे वाटे, उरलेली अक्षरे त्याला निरर्थक आज्ञा भासत आणि प्रोग्रॅम चूक झाल्याचा संदेश देऊन थांबे. ही केवळ गैरसोय नाही, याच फटीतून परका माणूस आपली आज्ञा आत घुसवू शकतो, हे डिसेंबर १९९८मध्ये फ्रॅक या नियतकालिकातील लेखाने जगापुढे मांडले, आणि एसक्यूएल इंजेक्शन हे नाव पुढे रूढ झाले. त्यावरचा उपाय ओडीबीसीत पहिल्यापासून होता: प्रश्नात मूल्याच्या जागी केवळ प्रश्नचिन्ह लिहावे आणि मूल्य वेगळे पाठवावे, म्हणजे आज्ञा आणि मजकूर यांची सरमिसळ होतच नाही.

मराठी मजकुराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. केंद्र सरकारच्या भूमी-अभिलेख संगणकीकरणाच्या योजनेत १९८८-८९ साली प्रायोगिक म्हणून निवडलेल्या आठ जिल्ह्यांत वर्धा होता, म्हणजे सातबाऱ्यासारखा देवनागरी कागद डेटाबेसमध्ये घालण्याचा प्रश्न फार लवकर उभा राहिला. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्र हे त्यावरचे अत्यंत कल्पक उत्तर होते: संगणकात बसवलेले कार्ड पडदा व कळफलक यांचा ताबा घेई, आणि डीबेसला आपण देवनागरी साठवत आहोत याचा पत्ताही लागत नसे. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१मध्ये भारतीय मानक झाली. तिच्यात अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जात, म्हणजे ‘वि’मध्ये आधी ‘व’ आणि मग वेलांटी, त्यामुळे सूची बांधली की नावे बऱ्याच अंशी वर्णानुक्रमाने लागत. ‘बऱ्याच अंशी’ म्हणण्याचे कारण मराठी ‘ळ’: मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो, तर इस्कीत आणि पुढे युनिकोडमध्येही तो ‘ल’च्या शेजारी बसला, आणि म्हणून ‘काळे’ हे आडनाव आजही, वेगळी व्यवस्था केली नाही तर, ‘काशीद’च्या आधी छापले जाते.

विंडोजच्या काळात छपाईसाठी बनवलेले फाँट डेटाबेसमध्ये शिरले तेव्हा हेही सुख गेले. या फाँटांत उच्चार नव्हे तर आकार साठवला जाई, आणि पहिल्या वेलांटीचा आकार व्यंजनाच्या आधी उमटतो. परिणामी किशोर, दिलीप, विठ्ठल आणि शिवाजी ही नावे सूचीत शेजारी शेजारी येऊन बसत, कारण यंत्राच्या लेखी त्या सर्वांचे पहिले अक्षर वेलांटी हेच होते. एका फाँटात भरलेले नाव दुसऱ्या फाँटातून विचारले तर सापडणे अशक्यच. युनिकोडने हा घोळ मिटवला असे म्हटले जाते, आणि ते साठवणीपुरते खरे आहे. मात्र वाटेवरचा प्रत्येक टप्पा युनिकोड जाणणारा असावा लागतो ही अट त्याच्यासोबत आली. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोडचे रकाने १९९८च्या सातव्या आवृत्तीत आले, तरी प्रश्नाच्या वाक्यात देवनागरी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर लिहायचे राहिले की मजकूर जुन्या संकेतात रूपांतरित होई, तिथे देवनागरीला जागा नसल्याने प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होई, आणि मूळ नाव कायमचे हरवे. व्हिज्युअल बेसिकच्या नेहमीच्या चौकटीही देवनागरी दाखवण्यास असमर्थ होत्या, त्यामुळे पडद्यावर दिसणारी प्रश्नचिन्हांची ओळ डेटाबेसमध्ये आहे की केवळ डोळ्यांपुढे, हे ठरवणे हाच एक स्वतंत्र शोध होऊन बसे.

इतक्या खटाटोपाने उभारलेल्या जोडणीवर कंटाळून तिलाच रजा देणारा प्रयोग २००० साली झाला. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या रिचर्ड हिप यांच्या पुढे अडचण अशी होती की सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रॅम ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढेच सांगे, आणि दोष प्रोग्रॅमला लागे. त्यांनी सर्व्हरच काढून टाकला: प्रोग्रॅमच्या पोटात बसणारे, एका साध्या फाइलीवर काम करणारे, पण पूर्ण एसक्यूएल समजणारे असे एसक्यूलाइट त्यांनी घडवले आणि ते कोणाच्याही मालकीचे न ठेवता सार्वजनिक केले. आज हातातल्या फोनपासून ब्राउझरपर्यंत ते सगळीकडे आहे. डीबेससारखीच फाइल शेजारी, परंतु ठिपक्यापुढे बोट चालवण्याऐवजी चिठ्ठी. दप्तरदार खिडकीमागून उठून शोधणाऱ्याच्याच खोलीत येऊन बसला.

आणि डीबीएफ फाइल? मायक्रोसॉफ्टने १९९२मध्ये फॉक्स सॉफ्टवेअर विकत घेतले, २००७मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोची पुढची आवृत्ती निघणार नाही असे जाहीर केले, आणि ती परंपरा संपली असे मानले गेले. पण १९९०च्या दशकात एस्री कंपनीने नकाशांसाठी जो शेपफाइल नावाचा साचा रूढ केला, त्यात गावांच्या व रस्त्यांच्या आकृत्या एका फाइलीत आणि त्यांची माहिती डीबीएफ फाइलीत ठेवण्याची योजना होती, आणि हा साचा नकाशे करणाऱ्या संस्थांत अजूनही रोजच्या वापरात आहे. डीबीएफच्या शीर्षकात रकान्याच्या नावाला दहाच बाइटांची जागा असते. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, तीन बाइट घेते. त्यामुळे आजही एखाद्या नकाशाच्या तक्त्यात मराठी शीर्षके द्यायला बसले तर ‘गाव’ हा शब्द नऊ बाइटांत नेमका मावतो. ‘तालुका’ आणि ‘जिल्हा’ यांना प्रत्येकी अठरा लागतात, आणि ते रोमनमध्ये लिहावे लागतात.